अर्धं ठोकलेलं कापड

आबांच्याबरोबर शेवटची साधी गोष्ट केली ती म्हणजे गंगावेशीत उभं राहून दूध प्यालो. साधी म्हणजे रोजचीच, जिच्यात सांगण्यासारखं काही नाही अशी. दिवसभराचं काम संपलेलं, अंगाला लाकडाचा भुसा, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या. गवळी आपल्यासमोर धार काढायचा, पितळी पेल्यात, वर हा एवढा फेस. माझे वडील फेसात मिशी बुडवून एका दमात प्यायचे आणि मग तोंड आ करून ‘हाऽऽ’ असा आवाज काढायचे, म्हशींनी वळून बघावं असा. गवळी म्हणायचा, “मेस्त्री, जबडा हाय का परड्याचं दार?” आबा म्हणायचे, “दार मोठं असलं तरच वैरण आत जातीय न्हवं?” त्या संध्याकाळीही तेच झालं. त्यांनी तोंड उघडलं, डाव्या बाजूला पडलेल्या दाढेची खिंड दिसली, गवळी बोलला, आबा बोलले, मी हसलो, आणि आम्ही घरी आलो. ते तोंड तसं उघडलेलं मी पुन्हा बघितलं नाही.

माझी शाळा चौथीतच सुटली. उभ्या आयुष्यात मी फळीवर पेन्सिलीनं मापं लिहिली, दुसरं काही लिहिलं नाही. पण शेवंता, माझी बायको, गेल्या साली गेली आणि तेव्हापासून घरात आवाज नाही. मुलगा-सून कामाला जातात, नात कॉलेजात. दुपारी घर असं गप्प असतं की फ्रीज गुरगुरला तरी सोबत वाटते. आणि घर गप्प झालं की मला आबांचे ते दिवस आठवतात, कारण तेव्हा घर आम्ही मुद्दाम गप्प केलं होतं, मी आणि शेवंतेनं. ते बघितलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहून ठेवतो. शुद्धलेखन नात बघणार आहे, तेव्हा काही चुकलेलं दिसलं तर तिला विचारा.

आमचं घर मंगळवार पेठेत, बोळात. पुढं पडवीत आबांचं काम, मागं आईची चूल. त्या घरात आवाजाला कधी तोटा नव्हता. पहाटे आईचं जातं, मग रंध्याची खरखर, शेजारी लोहाराचा ऐरणीवरचा ठोका, पलीकडं तानूमावशीचा कोंबडा, ज्याला पहाट कधी कळली नाही आणि जो बरोबर जेवायच्या वक्ताला आरवायचा. आणि ह्या सगळ्यावर गिरणीचा भोंगा. बोळात घड्याळ कुणाकडंच नव्हतं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. आई भाकरी थापता थापता मोठ्यानं बोलायची, आबा रंधा मारता मारता त्याच्यावर ओरडून उत्तर द्यायचे. परक्याला वाटावं, ह्या घरात भांडण लागलंय. चाललेलं असायचं एवढंच, की आज खर्डा करू का झुणका. त्यात आबांचं हे झालं त्याच वर्षी शेवंता सून म्हणून आली. ती निपाणीकडची, सासूला ‘अव्वा’ म्हणायची. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या मनगटापासून वरपर्यंत. ती घरात कुठं आहे हे बघावं लागायचं नाही, ऐकू यायचं. मी रंधा थांबवून ऐकायचो. आबा न बघता म्हणायचे, “थांबलं का यंत्र? फळी तिकडं न्हाय, हिकडं हाय.”

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. साहेबलोकांचे बंगले रिकामे होत होते आणि आतलं सामान बाहेर निघत होतं. शाहूपुरीतल्या एका गूळ अडत्यानं, त्यांना मी तात्यासाहेब म्हणतो, खरं नाव लिहीत नाही, अशाच एका बंगल्यातनं खेळायचं टेबल उचललं. काठीनं चेंडू ढकलून कोपऱ्यातल्या जाळीत घालायचे, तो स्नूकरचा खेळ. तात्यासाहेबांना तो येत नव्हता. त्यांनी तो बघितलाही नव्हता. पण साहेबाच्या घरात होतं ते आता आपल्या घरात असावं असं त्यांना वाटलं, आणि त्यात मला वावगं काही दिसत नाही. टेबल सुटं करून बंगल्याच्या पागेत टाकलेलं होतं, घोड्याच्या जुन्या लिदीवर. आठ पाय, तुळया, दगडाच्या पाच लाद्या, आणि वर जुनं हिरवं कापड गंजक्या खिळ्यांसकट. ते सगळं गाड्यांत घालून आणलं आणि आबांना सांगावा आला. आबांनी तोवर दारं केली होती, पलंग केले होते, बैलगाड्या केल्या होत्या. असलं टेबल त्यांनीही बघितलं नव्हतं. पण नाही म्हणायचा स्वभाव नव्हता. “टेबलच हाय न्हवं?” म्हणाले. “जेवायचं काय आन् खेळायचं काय, पाय खालीच असत्यात.”

लाद्या मात्र त्यांनी आधी बोटांनी ठोकून बघितल्या. काळ्या-निळ्या दगडाची एकेक लादी, माणसापेक्षा लांब, चार बोटं जाड. तात्यासाहेबांच्या अडतीतले गुळाचे रवे वाहणारे हमाल आणले, बांबू आणि सोल, म्हणजे जाड दोर, लावून त्यांनी लाद्या आत घेतल्या, आणि प्रत्येक पावलाला ‘हुंम्, हुंम्’ करत दिवाणखाना दणाणून सोडला. तात्यासाहेबांच्या आई, आईसाहेब, देवघराच्या दारात बसून बघत होत्या. म्हणाल्या, “एवढा मोठा पाटा? आन् वरवंटा कुठाय ह्याचा?” तात्यासाहेब म्हणाले, “आई, ह्याच्यावर चटणी न्हाय वाटायची.” “मग काय करायचं?” तात्यासाहेबांनी काठी धरल्यासारखा हात पुढं केला. “मारायचं,” म्हणाले. “चेंडूनं चेंडूला मारायचं.” आईसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग एवढा दगड घरात आला म्हणून त्यांनी मधल्या लादीला हळदकुंकू वाहिलं, पुढं नारळ फोडला, आणि खोबरं आम्हाला दिलं.

क्लबात पूर्वी मार्कर असलेले दस्तगीरमामू सांगायला यायचे. मार्कर म्हणजे खेळणाऱ्यांचे गुण मांडणारा आणि टेबल झाडून-पुसून ठेवणारा. मामूंना जोडलेलं टेबल पाठ होतं, सुटं माहीत नव्हतं. “असा लागतोय बघा मेस्त्री,” म्हणून ते हवेत हात फिरवायचे आणि आबा त्या हातावरनं अंदाज बांधायचे. पहिला घोळ जमिनीनं घातला. आपल्याकडं घर धुवायचं म्हणून फरशीला मोरीकडं उतार दिलेला असतो, आणि हे टेबल तर केसाइतकाही उतार मागत नाही. पाणसळ ठेवली की बुडबुडा पळालाच. आम्ही शिसवी पाचरा तासून एकेका पायाखाली सारायचो, मामू हस्तिदंती चेंडू सोडायचे आणि चेंडू हळूहळू, लाजत लाजत, मोरीच्या बाजूला जायचा. आबा म्हणायचे, “धुणं घेऊन चाललाय.” मी हसायचो, मामू हसायचे, आणि पुन्हा पाचर काढायची. शेवटी एकदा चेंडू ठेवला तिथं राहिला. आम्ही तिघं वाकून त्याच्याकडं बघत बसलो. आबा हलक्या आवाजात म्हणाले, “बसला.” लाद्यांच्या सांध्यात मेण आणि राळ वितळवून ओतली, वरनं पटाशीनं खरवडून हात फिरवला तर सांधा कुठाय ते हाताला कळेना.

आबांना खिळा लागला तो त्याच्या आधी, जुनं कापड उपसताना. मी आणि आबा पकडीनं एकेक बारका खिळा काढत होतो, गंजून लाल झालेला, लिदीत लोळलेला, आणि डब्यात टाकत होतो. एखादा डब्याबाहेर उडायचा. आमच्यात रीत अशी की हत्यारं मांडली असली की तिथं पायताण घालून जायचं नाही. हत्यार म्हणजे देव. त्यात समोर आईसाहेबांचं देवघर आणि लादीवर हळदकुंकू. आबांच्या कापशीच्या जाड चपला, ज्यांतनं बाभळीचा काटाही वर आला नसता, त्या दिवसभर उंबऱ्याबाहेर उन्हात पडलेल्या असायच्या. आबांच्या टाचेत खिळा गेला. त्यांनी पाय वर घेतला, उपटला, बघितला, डब्यात टाकला आणि म्हणाले, “ह्यो सगळ्यात हुशार निघाला.” रक्त थेंबभरही आलं नाही. घरी आल्यावर आईनं रीतीप्रमाणं बिब्बा दिव्यावर धरला, तेल सुटलं की टाचेला चटका दिला. आबा ‘स्स’ करून म्हणाले, “आणि एक दे, अर्धं काम नगं.” जखम वरनं काळी, कडक, बंद. ह्यात कुणाचं काय चुकलं हे मी सांगत नाही, सगळं गाव असंच करत होतं. पुढं मी माझं वर्कशॉप काढलं. तिथं देव आहे, दसऱ्याला हत्यारं पुजतो, नारळ फोडतो. पण पायात चप्पल असल्याशिवाय मी कुणालाही आत घेतलं नाही. एक कारागीर म्हणाला, देवाला चालत नाही. मी म्हणालो, न चालू दे.

टाच आबा विसरले, आम्हीही विसरलो. मुंबईहून नवं कापड आलं. त्याला लव असते, मांजराच्या पाठीसारखी, एका बाजूनं हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर उभी राहते. मामूंनी कुठल्या अंगाला कुठली बाजू ते दाखवलं. आमची कामाची पद्धत अशी की आबा ओढायचे आणि मी ठोकायचो. लाद्यांच्या कडेला खाली लाकडी पट्टी असते, तिच्यात खिळे. आबा तळव्यांनी कापड ताणून धरायचे, नुसत्या हातांना कळायचं त्यांच्या, कुठं सैल आहे ते, आणि मानेनं खूण करायचे. ठक. पुढं सरकायचे. ठक. वरची कड झाली, एक लांब बाजू झाली, आणि दिवस मावळला. “ऱ्हायलेलं उद्या,” आबा म्हणाले. “घाईनं ओढलं की सुरकुती पडती.” आम्ही चपला घातल्या आणि दूध प्यायला गंगावेशीत गेलो.

सकाळी आईनं न्याहारीला भाकरी-खर्डा ठेवला. आबांनी घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला. “दाढ धरलीया,” म्हणाले. आईनं लवंग दिली, ती दातांमधनं आत जाईना. आबा हसले, आणि हसू तोंडावर तसंच राहिलं. ओठ ताणलेले, डोळे मात्र हसत नव्हते. शेवंता पदर तोंडाला लावून आत गेली. दुपारपर्यंत मान वळेना. मी पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी जबडा बघितला, पोटावर हात ठेवला, पोट फळीसारखं. “कुठं काही लागलं होतं का?” आईनं टाच दाखवली. डॉक्टरांनी काळा डाग बघितला आणि म्हणाले, “वरून दार लावलंत आणि चोराला आत ठेवलंत.” मग त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण पुढचं ते खाली बघून बोलले. धनुर्वात. इंजेक्शन दिलं, पण उशीर झालेला. टांग्यात घालून दवाखान्यात न्यायचं तर वाटेतल्या धक्क्यांनीच जातील. “अंधार करा. आवाज अजिबात नको. जरा आवाज झाला, दार वाजलं, की अंग वाकणार, आणि वाकलं की श्वास अडकणार. शांत ठेवता आलं तर कदाचित निभावेल.” मी म्हणालो, “ह्या बोळात?” ते म्हणाले, “ह्याच बोळात.”

तसं ते काम माझ्याकडं आलं. आबांना वाचवायचं म्हणजे आवाज बंद करायचा. मी आधी लोहाराकडं गेलो. त्यानं भात्यावर पोतं टाकलं. धुणं आपटणाऱ्या बायका नदीवर जायला लागल्या. आई शेवंतेला घेऊन दळण लांबच्या गल्लीत न्यायची. तात्यासाहेबांनी जुनं हिरवं कापड गोधडीला म्हणून आबांना दिलं होतं, ते मी झटकून आणलं आणि दुहेरी करून खिडकीला आणि दाराला टांगलं. ठोकायचं तर नाही, म्हणून दोऱ्यांनी बांधलं. खोलीत उजेड आला तो हिरवा, विहिरीच्या तळाला असावा तसा. शेवंतेनं त्याच कापडाची कड फाडली, पट्ट्या केल्या आणि स्वतःच्या बांगड्यांना गुंडाळल्या, एकेक करून, दोन्ही हातांना. मग आईच्या. तेव्हापासून ती घरात कुठं आहे ते मला कळेनासं झालं. मागं वळलं की उभी असायची.

कोंबडा राहिला. तानूमावशीला मी काय सांगणार, तिला त्या कोंबड्यापलीकडं कुणी नव्हतं. मी सांगितलंच नाही. त्याच दुपारी ती मागच्या दारानं पातेलं घेऊन आली, पदरानं झाकलेलं. “आरवायचा मेला,” एवढंच कुजबुजली. रस्सा होता. आबांना वास आला. दातांतनं बोलायचे ते, शब्द किसून आल्यासारखे यायचे. म्हणाले, “कापला व्हय. मला... तंगडी ठिवा.” आई पातेल्यासमोर बसून राहिली. कुणीच जेवलं नाही. दूध तेवढं जायचं. शेवंता कापसाची वात दुधात बुडवून त्या पडक्या दाढेच्या खिंडीतनं थेंब थेंब सोडायची. एखादा थेंब नीट गेला की माझ्याकडं बघायची, जसं काही तिनं मोठं काही जिंकलं.

पण भोंगा. भोंग्यावर पोतं कसं टाकणार? तो व्हायच्या आधी मी आत जायचो, आबांच्या कानांवर हिरव्या कापडाच्या घड्या दाबून धरायचो आणि वाट बघायचो. घड्याळ नव्हतं. उन्हाची तिरीप कापडाच्या कुठल्या दोऱ्यावर आली की भोंगा होतो, ते बघून ठेवलं होतं. तरी तो व्हायचाच, आणि माझ्या तळव्यांखाली आबांची मान ताठ व्हायची, ओली फळी उन्हात बाक धरते तशी पाठ उचलायची, नुसती टाळू आणि टाचा अंथरुणाला लागलेल्या. तोंडावर ते हसू. मी सुतार माणूस. बाक धरलेली फळी मी ओलं फडकं टाकून, वर दगड ठेवून सरळ करतो. इथं काय ठेवणार? मी नुसता धरून बसायचो. एकदा गिरणीच्या फाटकावर गेलो. पहारेकऱ्याला म्हणालो, “आमच्या वडलांचा जीव जातोय, चार दिस भोंगा बंद ठिवा.” म्हातारा माणूस होता, चिडला नाही. मला त्यानं कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. “पावणं,” म्हणाला, “भोंगा माझ्या हातात न्हाय. ज्याच्या हातात हाय त्याच्याबी हातात न्हाय. सगळं गाव ह्याच्यावर उठतंय आन् निजतंय.” मी पाणी प्यालो आणि परत आलो. वाटेतच तो वाजला. मी पळालो, पण भोंग्याच्या पुढं पळता येतं का?

शेवंतेच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तिच्या उशाशी यंत्र होतं, सारखं टिंक टिंक करायचं. मला सहन होईना. मी नर्सबाईला म्हणालो, बंद करा ते, तिला त्रास होतोय. पोरगी चांगली होती. म्हणाली, “आजोबा, हा आवाज आहे म्हणजे आजी आहेत.” मी ह्या वयात तिथं बसून आवाजासाठी देवाला हात जोडले, ज्या आवाजाला त्या वयात शिव्या घातल्या होत्या. दोन्ही वेळा देवानं माझं काही ऐकलं असं मला वाटत नाही.

तात्यासाहेब एकदा आले. बोळाच्या तोंडाशीच चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि एवढा जाड माणूस दगडांवरनं चवड्यांवर चालत आला. आत अंधारात अंथरुणाशी येऊन उभे राहिले. आबांनी ओळखलं. दातांतनं म्हणाले, “कापड... अर्धं...” तात्यासाहेब वाकून कुजबुजले, “मेस्त्री, राहू दे की ते. तुम्ही उठा, मग बघू.” आबांनी डोळे माझ्याकडं फिरवले, मान फिरत नव्हती म्हणून डोळेच. “ढिलं... पडंल. सोडू नगंस.” मी म्हणालो, “न्हाय सोडत.” त्यावर त्यांना बरं वाटलं का, ते मला त्या ताणलेल्या तोंडावरनं कळलं नाही. जाताना तात्यासाहेब बोळाच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून थांबले होते. चपला हातातच होत्या.

त्यानंतर एक दुपार आली ती फार चांगली गेली. भोंगा होऊन गेला होता आणि त्याला आबा फारसे वाकले नव्हते. दूध बरंच गेलं. आई भिंतीला टेकून किती दिवसांनी झोपली होती. बोळात कुणी नव्हतं. शेवंता आणि मी आबांच्या दोन बाजूंना बसलो होतो, आणि मला आठवतं, मी मनात म्हणालो, निभावलं. उजेड नव्हता. आवाज नव्हता. धक्का नव्हता. कुणी खोकलंही नाही. आणि त्या शांततेत त्यांची पाठ उचलली. मी धरली. शेवंतेनं पाय धरले. आम्ही वाट बघितली, दर वेळी सुटायची तशी सुटेल म्हणून. सुटली, तेव्हा आबा खाली आले, आणि सगळंच सुटलेलं होतं. जबडासुद्धा. तोंड थोडं उघडलं.

आई उठली, तिला मी सांगितलं नाही, तिला कळलं. शेजारच्या बायका आल्या. त्यासुद्धा सवयीनं पाऊल न वाजवता आल्या आणि कुजबुजत बोलल्या. मग जी रीत ती करायला बसल्या. एकीनं आईचा हात मांडीवर घेतला आणि बांगड्यांवरच्या हिरव्या पट्ट्या सोडायला लागली. शेवंतेनं गाठी घट्ट मारल्या होत्या, सुटेनात. आई म्हणाली, “दे हिकडं,” आणि स्वतः दातांनी सोडल्या. मग हात दगडावर ठेवला. त्या काचा फुटल्या तो आमच्या घरात कितीतरी दिवसांनी झालेला पहिला आवाज. मी दचकून आबांच्याकडं बघितलं.

संध्याकाळी पंचगंगेवरनं परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला आणि माझे हात आपोआप उचलले गेले, अंथरुणावर बसल्या बसल्या, दोन्ही तळवे समोरासमोर, मध्ये काही नाही. लोहाराच्या भात्यावर अजून पोतं होतं. कोंबडा नव्हता. बोळ आमच्या दुःखासाठी गप्प होता, आणि ती शांतता मला सोसेना. मी हत्यारांची पिशवी घेतली. आई कोपऱ्यात बसली होती. सुतकात कुठं चाललास असं विचारेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, “एकट्यानं कसं ओढशील?” मग शेवंतेकडं बघितलं. “जा गं हेच्यासंगं. कापड धर.”

नवी सून, डोक्यावर पदर, सुतकाच्या पहिल्या सकाळी माझ्यामागनं शाहूपुरीपर्यंत चालत आली. लोक बघत होते. उंबऱ्यापाशी मी थांबलो नाही, चपला घालूनच आत गेलो, आणि तिला म्हणालो, तूही घालून ये. आईसाहेब देवघराच्या दारात होत्या. “सुतकात आलास बाबा?” म्हणाल्या. मी म्हणालो, “आईसाहेब, कापड ढिलं पडंल.” त्यांनी आमच्या पायांकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि उठून देवघराचं दार ओढून घेतलं.

कापड अर्धं ताणलेलं, अर्धं लोंबलेलं, तसंच होतं. शेवंतेला मी आबांच्या जागी उभं केलं, तळवे कसे टेकायचे ते दाखवलं. तिनं ओढलं. मी खिळा टेकवला, हातोडी उचलली, आणि हात वरच राहिला. खाली येईना. शेवंतेनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं आबांच्यासारखी मानेनं खूण केली. मी ठोकलं. ठक. दिवाणखानाभर आवाज गेला. ती पुढं सरकली तशा तिच्या मोकळ्या बांगड्या वाजल्या. कुणी दचकलं नाही, कुणाची पाठ उचलली नाही. मी पुढचा खिळा घेतला.